खाटेखालचं मुंगूस

पाळलेल्या जनावरांचं कवतिक मला सांगू नका, बाई. सोलापुरात शाळेच्या पोरांच्या बोर्डिंगात मी स्वयंपाकाला होते, तेव्हा मंगळवेढ्याच्या शिवानं खोलीत मुंगसाचं पिल्लू पाळलं होतं. गृहपतींना ते कळलं. काठी घेऊन ते खोलीत शिरले आणि म्हणाले, "जनावर बाहेर, आणि तूही बाहेर. बांध बोचकं!" पोराची शाळाच सुटायची वेळ आली. पिल्लू खाटेखाली दडून बसलं.

मी दारातूनच म्हटलं, "मास्तर, आज तुमच्या लेकीला बघायला पाव्हणे येणार हायत न्हवं? मुंगसाचं तोंड दिसलं की त्या दिवशी काम होतंय. आदी तोंड बघा, मग हाकला की!"

मास्तर थबकले. काठी भिंतीला टेकवली, धोतर सावरलं, खाली बसले आणि अर्धे खाटेखाली शिरून हळूच म्हणाले, "मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव."

पिल्लानं नुसती शेपटी दाखवली.

शिवा रडवेला होऊन म्हणाला, "सर, मी निघू का?"

खाटेखालून आवाज आला, "गप रे! आधी वाटीभर दूध आण."