रामनाथ मास्तरांचा आवाज

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष माननीय अनयराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती विद्युल्लताताई आणि धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकमधूनही वेळेवर पोहोचलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

ताई उद्यापासून शाळेत संगणक शिकवायला नसतील. मी मनोज, त्यांचा सहशिक्षक. किती आठवणी सांगू? एकच सांगतो.

२००६ साली आम्ही तालुक्यातल्या शाळांना मोफत वाटण्यासाठी मराठी लिनक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीची, सीडी तयार करत होतो. संगणक सुरू केला की सगळं मराठीत दिसावं, एवढाच हेतू. सगळं जमलं, पण एका प्रोग्रॅमवर घोडं अडलं. तो आमचा नव्हता. अकलोलीच्या रामनाथ मास्तरांनी केलेला. मास्तर अंध होते. बाराखडीतलं एकेक अक्षर त्यांनी स्वतःच्या आवाजात भरलं होतं. ती अक्षरं जोडून प्रोग्रॅम पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचायचा. पण परवानगीचं काही ठरण्याआधीच मास्तर वारले.

मी म्हणालो, "ताई, घालून टाकू. नाहीतरी फुकटच वाटतोय."

ताई म्हणाल्या, "दुसऱ्याची वस्तू आपल्या सीडीत दिली, की लोक ती आपलीच समजणार. उद्या बंद पडली तर मुलांनी जायचं कोणाकडे? मास्तरांकडे?"



शेवटी परवानगी मागायला लॅपटॉप घेऊन आम्ही एसटीनं अकलोलीला गेलो, मास्तरांच्या थोरल्या बहिणीकडे. आक्का ओटीवर तांदूळ पाखडत होत्या. ताईंनी सगळं समजावलं. आक्का म्हणाल्या, "मला त्यातला काय बी समजत न्हाय."

"ऐकायचंय?" ताईंनी विचारलं. आक्कांनी मान हलवली. ताईंनी दोन शब्द टाइप केले.

"आक्का, जेवलीस?"

अक्षराअक्षराला अडखळत, पण आवाज मास्तरांचाच! मित्रहो, हे वाक्य त्या माणसानं त्या यंत्रात कधी भरलंच नव्हतं. आक्कांच्या हातातलं सूप थांबलं. लॅपटॉपकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "जेवली रं."

बघा, सांगताना आत्ताही अंगावर काटा येतोय. मग आक्काच म्हणाल्या, "द्या पोरांना. पन त्याला मुका होऊ देऊ नका."

ताई "हो" म्हणाल्या. मास्तरांच्या नावासह प्रोग्रॅम सीडीत गेला. पुढे लिनक्सची आवृत्ती बदलली आणि तो खरोखरच बंद पडला. मास्तरांचं काम ओळ न् ओळ वाचून ताईंनी त्याला पुन्हा बोलतं केलं. एकदा नव्हे, दरवेळी. दुसऱ्याचं काम इतक्या मायेनं सांभाळणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

आमची माजी विद्यार्थिनी भाविका समोर बसली आहे. जन्मापासून तिला दिसत नाही. त्या आवाजावर धडे ऐकत ती कॉलेजात पोहोचली. ताईंच्या मागे हे काम कोण करणार, असा प्रश्न निघाला, तेव्हा ती म्हणाली, "सर, मी करते." गेल्या आठवड्यात तिनं पहिली दुरुस्ती केलीसुद्धा.

ताई, तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो. आयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घालावं. नमस्कार.