पानांच्या ढिगावर उभ्या राहिलेल्या गाडीबाबत

जबाब देणार: ऑरविल ट्वेट, वय ७८ वर्षे, धंदा: निवृत्त शिक्षक (हायस्कुलात मोटार चालवायला शिकवत असे), राहणार: मेपल स्ट्रीट, नॉरहाइम, नॉर्थ डकोटा.

मी आज शनिवार, १९ ऑक्टोबर रोजी सायंकाळी साडेपाच वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. पत्नी इंगा चार वर्षांपूर्वी वारली. मुलगी कॅरिन फार्गोत असते. जबाब लिहून घेणारा लाइल ब्रेके माझा विद्यार्थी आहे. दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावण्याच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. हे लिहायची गरज नाही असं त्याचं म्हणणं. गरज आहे असं माझं म्हणणं, कारण या गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला मीच गाडी शिकवली आणि त्याचा पुढे संबंध येतो.

जुलै महिन्यात गाडीला एक पत्रपेटी आडवी आली. तेव्हा कॅरिनने बजावलं, "बाबा, आता एक ओरखडा जरी दिसला तरी किल्ल्या माझ्याकडे. आणि तुम्हीही माझ्याकडे." किराणा इथून वीस मैलांवर, डॉक्टर चाळीस. म्हणजे किल्ल्या गेल्या की घर गेलं, आणि मग मी फार्गोत तिच्या तळघरात.

म्हणून यंदा थंडीआधीची तयारी मी जास्तच मनावर घेतली. टायरच्या खाचांत सेंटचं नाणं घालून झीज पाहिली. वायपर नवे बसवले. काचेखालच्या फटीतली पानं स्वयंपाकघरातल्या चिमट्याने एकेक काढली. रेडिएटरचं पाणी गोठणार नाही याची खात्री केली, बॅटरी तपासून घेतली. डिकीत फावडं, वाळूची पिशवी, घोंगडी, मेणबत्त्या आणि सुकवलेलं मांस ठेवलं. लाइल विचारतो, एवढं कशाला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, माझं डिकीत आहे. त्याच्या डिकीत काय आहे ते मी विचारलं, तर त्याने विषय बदलला.

आज दुपारी चार वाजता मी चर्चमधल्या वार्षिक माशाच्या जेवणाला निघालो. वेग ताशी वीस मैल. एल्म स्ट्रीटच्या चौकात चारही बाजूंना थांबण्याच्या पाट्या आहेत. जो आधी आला तो आधी जातो. आज चार गाड्या एकदम आल्या. समोरून डेलोरिस हॉगे तिच्या नारिंगी गाडीत, चर्चसाठीचं कॉफीचं मोठं पिंप घेऊन. उजवीकडून माझा जुना विद्यार्थी वेड, बीटाने भरलेला ट्रक घेऊन. डावीकडे एक निळी गाडी, आत बाई.

मी हात हलवून खूण केली, तुम्ही आधी. डेलोरिसने केली, तुम्ही आधी. वेडनेही केली. निळ्या गाडीतल्या बाईने तर दोन्ही हात हलवले. शंका आली तर समोरच्याला आधी जाऊ द्यावं, हे मी चाळीस वर्षं शिकवलं, आणि एवढी एकच गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली. एकदा चौघेही एकदम निघालो, एकदम थांबलो, आणि माफी मागायला पुन्हा हात वर केले. हॉर्न कोणी वाजवला नाही. आमच्याकडे तसं करत नाहीत.

पाच-सहा मिनिटांनी डेलोरिसने काच खाली केली. "ऑरविल, जा ना रे एकदाचा."

"तू जा. कॉफी निवेल."

"निवली तर निवली, चव कुठे बदलणार आहे? वेडला जाऊ दे, त्याचा माल आहे."

वेड म्हणाला, "मला घाई नाही, सर. बीट कुठे पळून जातात?"

साधारण अकराव्या मिनिटाला डेलोरिस म्हणाली, "ऑरविल, तुझ्या गाडीखालून धूर येतोय. सवड झाली की बघ हं."

माझी गाडी सुक्या पानांच्या ढिगावर उभी होती. नगरपालिकेने उचलावा म्हणून लोक तो रस्त्याच्या कडेला रचतात. इंजिन चालू, खालची धुराची नळी तापलेली, पानं पेटली. पानांवर गाडी उभी करू नये, हे मी दर ऑक्टोबरला फळ्यावर लिहीत असे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

डेलोरिसने पिंपातली साठ कप कॉफी गाडीखाली ओतली. आमच्या चर्चची कॉफी म्हणजे जवळपास पाणीच, त्यामुळे आग लगेच विझली. निळ्या गाडीतल्या बाईने धावत येऊन माझं दार उघडलं आणि दंडाला धरून मला बाहेर काढलं. मी तिचे आभार मानले. मी म्हणालो, "बाई, खरं तर आधी तुमची पाळी होती."

ती म्हणाली, "बाबा, मी आहे. कॅरिन."

निळी गाडी तिने मागच्या महिन्यात घेतली. मला भेटायला न सांगता आली होती. कोणाला इजा नाही. बंपरचा खालचा भाग वितळला आहे.

लाइलने विचारलं, ढीग दिसला नाही का? मला तो रस्ताच वाटला. पुढचं त्याने विचारलेलं नाही, मी आपणहून सांगतो. दोन वर्षं झाली, मला हात हलताना दिसतो, चेहरा दिसत नाही. डेलोरिसला मी गाडीच्या रंगावरून ओळखतो. चौकात मी सगळ्यांना आधी जाऊ देतो आणि गाव म्हणतं, ट्वेट सर किती सभ्य. तो सभ्यपणा नाही. कोण आधी आलं हे मला कळत नाही. अकरा मिनिटं मी माझ्या मुलीला हात करत होतो.

कॅरिन बाहेर बाकावर बसली आहे. तिने किल्ल्या मागितलेल्या नाहीत. मी त्या लाइलच्या टेबलावर ठेवल्या आहेत.

हा जबाब लाइलने मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, बरोबर आहे. सही कुठे करायची तिथे त्याने माझं बोट नेऊन ठेवलं.