नुसती अनुसया

आमचं गाव तेलंगणात, तलमडुगुच्या बाजूचं, माय अन बाप दोघंबी लोकाच्या वावरात जायचे, कापूस येचाचा, जवारी सोंगाची, अन मी त्यायच्या मांगंमांगं. बाप म्हने पोरीले शिकवीन, तेलुगू शाळेत सातवीपावतर शिकवलंबी. मंग लगन झालं नदीपलीकडं, यवतमाळकडं. संगीता, माही एकच लेक, ते चालाले लागली अन नवऱ्यानं दुसरी बाई आनून उभी केली दारात. म्हने राहाचं असंल तं दोघी रहा. काय सांगू तुमाले ताई, मी त्याच्या संगं भांडलीबी नाई, पोरीले कडेवर घेतलं अन नदी उतरून बापाच्या घरी आली. मंग अंगनवाडीत लागली. आमच्याकडं आयम्मा म्हनतात, पोट्ट्यायले खिचडी करून घालाची, अंडी उकडाची, झाडझूड कराची. थेच अजून करून राह्यली.

आधार काढाले गेली तं तिथली पोरगी पुसे, इंटिपेरु सांगा अम्मा. तेलुगूत आडनावाले इंटिपेरु म्हनतात, म्हनजे घराचं नाव. मी म्हनलं, बाई, घरच रायलं नाई तं घराचं नाव कोठून आनू? लिव अनुसया, बस. तिनं तसंच लिवलं. रेशनले चाललं, बँकेत चाललं, पुढं पासपोर्टबी तसाच निंगाला, नुसती अनुसया.

संगीता नर्स झाली, लगन झालं, दोघं नवरा-बायको दुबईले गेले. आता आमच्या गावात तिकडला कोनताबी देश असो, आमी दुबईच म्हनतो. पयलं बाळंतपन आलं तवा मी गेली होती ना, याच पासपोर्टावर गेली, तीन महिने राहून नातवाले न्हाऊमाखू घालून आली. कोनी इचारलं नाई तुहं आडनाव काय म्हून.

अन यंदा ते पुन्हा पोटुशी. या टायमाले बीपी वाढला, पायावर सूज, डाक्टरीन म्हने पलंगावरून उतराचं नाई. जावयाची डुटी समुद्रात, तेलाच्या कामावर, पंधरा पंधरा दिवस घरी नाई. नातू चार वर्साचा. आई, तू ये म्हने. मी म्हनलं आलीच समज.

आदिलाबादले एक दुकान हाये, तिकीट-व्हिसा काढून देते, तिथं गेली. त्या मानसानं माह्या पासपोर्टाचं पान उलटलं, पुन्हा उलटलं, म्हने इदि नडवदु अम्मा, हे चालत नाई. ताई, मले पयले हसूच आलं. म्हनलं बावा, शिक्का पाय ना, मी जाऊन आली याच्यावर. तं म्हने थो व्हिसा जुना, थो संपला. आता नव्या व्हिसाले नियम बदलला, नाव एक अन आडनाव एक, दोन लागते, आडनावाची जागा खाली असली तं त्यायचं काम्पुटर घेतच नाई. बाई तेच, तोंड तेच, फोटो तोच, अन मी पुरी नाई म्हने! अर्धी बाई हावो का मी? त्या मानसानं थंड पानी देल्लं.

मंग म्हने आडनाव लावून नवा पासपोर्ट काढा. मी म्हनलं लिवा वानखडे, माह्या बापाचं. त्यानं संगीताचे कागद पायले. म्हने अम्मा, लेकीच्या बापाचं आडनाव मुनेश्वर दिसते. तुमी वानखडे झाल्या तं तुमी तिची आई हाये हे सिद्ध करत बसा लागंल, कागदावर कागद. मुनेश्वर लावा, लवकर होईल.

मुनेश्वर! जे नाव इतक्या वर्सात मी जिभीवर येऊ देल्लं नाई, ते माह्या नावाले जोडू? अन नाई जोडलं तं माही लेक माही नाई? मी भाएर पायरीवर येऊन बसली. संगीताले फोन लावला. ते रडे, म्हने आई, तू वानखडेच लाव, मी थांबतो. पन तिचा आवाज आयकला ना ताई, दम लागून बोलून राह्यली होती. मी उठली, आत गेली अन म्हनलं लिवा मुनेश्वर.

आधार बदललं, पासपोर्टाचा अर्ज झाला, चौकशीले पोलीस घरी आला. हिंदीत पुसे, पति कहाँ है? म्हनलं, मालूम नहीं साब, छोड़ दिया. थो म्हने, फिर नाम कायकू लगा रहे? लेकीसाठी म्हनलं. त्यानं सही घेतली अन पानी न पिताच गेला.

पासपोर्ट आला, व्हिसाले टाकला. मी अंगनवाडीत अंडी सोलत होती, जावयाचा फोन आला. मामी, आप्रेशन करा लागलं, सातव्यातच झाली पोरगी, काचेच्या पेटीत ठेवली. हातातलं अंडं हातातच रायलं. कोन होतं जवळ म्हनलं? तं शेजारची केरळची नर्स, तिनंच सही केली, तिनंच संगीताचा हात धरला. परकी बाई तिथं पोचली अन मी, जन्म देनारी, आडनाव शोधत बसली.

व्हिसा त्याच हप्त्यात आला. येत्या मंगळवारी निंगतो. पोरगी जगून राह्यली म्हनतात, दूध पिऊन राह्यली, संगीताचीबी सूज उतरली. त्या केरळच्या बाईले लुगडं घेतलं, तिचं भलं होवो, तिच्या घरी कदी काही कमी पडू नये. मले भेव दुसऱ्याच गोष्टीचं वाटते. संगीता सांगे, आई, इमानतळावर आता मुनेश्वर म्हून हाक मारतीन, तू आपली बसून राहाशीन दुसऱ्या कोनाले बलावून राह्यले म्हून. हाक आली की उठजो. उठीन बाप्पा. काय करता, उठाच लागंल.