मशीनने काढलेला गोल

मुलुंडच्या तपासणी केंद्रात प्रेमा आणि तिचा नवरा मॅमोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन हुज्जत घालत होते. जराशी शंका आली तरी फोटोत त्या जागेभोवती गोल काढायचा, हे फोटो तपासणाऱ्या मशीनला शिकवणारी रेवती शेजारीच स्वतःच्या रिपोर्टची वाट बघत बसलीय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“डॉक्टरांना काही दिसत नाहीये ना? मग चल घरी.”

“मशीनने गोल का काढला मग?”

“ते सगळ्यांनाच काढतं. बनवणाराच घाबरट असणार.”

“सुई टोचून तपासता येईल, असंही म्हणाले ते.”

“हवं तर, म्हणाले. साकीनाक्याला कारखाना उघडा टाकून आलोय मी.”

“मला झोप नाही लागायची, अहो.”

“सुई टोचल्यावर लागेल? रिपोर्ट येईपर्यंत घरभर रडत फिरशील.”

“त्या बनवणाऱ्याला कळत असेल का हो, आपलं इथे काय होतं ते?”

रेवतीने मान वर केली नाही. तेवढ्यात नर्स दारात आली.

“रेवती सामंत? तुमच्याही फोटोत गोल आलाय. डॉक्टरांना तसं काही वाटत नाही. सुई करायची, की घरी जाताय?”

रेवती उठून उभी राहिली.

“त्यांना नक्की काही दिसत नाही?”

“नाही म्हणतात.”

“तरी करा.”

प्रेमाने नवऱ्याच्या मांडीवरची आपली पर्स उचलली.

“तुम्ही जा कारखान्यात. मी या बाईंबरोबर थांबते.”