मॉर्टीला लांबच्या वाटेनं नेल्याबाबत

मी, गोबनेट हॅरिंग्टन, वय ८१, धंदा घरकाम आणि गाई, शिक्षण चौथीपर्यंत, राहणार आर्डग्रूम, आपण होऊन ठाण्यात आले असून सांगते की शववाहिका कोणी पळवली नाही. ती मी वळवली.

माझे पती मॉर्टी परवा बॅन्ट्रीच्या दवाखान्यात वारले. काल दुपारी ड्रायव्हर डेनी लाउनी त्यांची पेटी घेऊन निघाला. मी त्याच्या शेजारी बसले. आड्रिगोलला घाटाकडे वळलं की आमचं घर जवळ. मी म्हटलं, वळू नको, समुद्राकडेनं चल. मयताला जवळच्या वाटेनं नेत नाहीत, हे सार्जंटसाहेब, तुमच्या आजीलाही ठाऊक असणार. शववाहिकेचे मालक टूमी डब्लिनचे, त्यांना कोण सांगणार?

डेनी म्हणाला, "बाई, मालक मला घरी बसवतील."

मी म्हटलं, "मागं विचार, ह्यांना घाई आहे का."

तो हसला आणि सरळ निघाला.

लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात आम्ही घरून या रस्त्याला निघायचो. पुढचंच गाव आयरीज आलं की मॉर्टी घड्याळ बघून गाडी फिरवायचे, अ‍ॅलिहीजची वाळू कधी गाठलीच नाही. संध्याकाळच्या धारा काढायच्या असत. काल धारा शेजाऱ्यांनी काढल्या, देव त्यांचं भलं करो.

अ‍ॅलिहीजच्या अलीकडे एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला पाणी, मधे एका गाडीपुरता रस्ता. समोरून जर्मन पाहुण्यांची घराएवढी गाडी आली. त्या गृहस्थानं पेटी पाहून टोपी काढली आणि सगळा चढ उलटा उतरला. त्यांची बायको उतरून मागं रस्त्यातल्या मेंढ्या हाकत होती. नाव विचारायचं राहिलं. भेटले तर माझे आभार सांगावेत.

खाली वाळूपाशी डेनीनं न सांगता गाडी लावली, मागचं दार समुद्राकडे करून उघडलं आणि आईस्क्रीम आणायला गेला. बराच वेळ लावला त्यानं. तेवढ्यात मी काय बोलले, ते या प्रकरणात येत नाही.

घरी पोचलो तेव्हा सँडविचं वाळली होती, पाद्रीबाबा पेंगत होते. मुलगा फिनबार म्हणाला, "अगं आई, आम्ही तुला कड्याखाली शोधत होतो." त्याची मी माफी मागितली आहे.

टूमींनी तक्रार दिली आणि डेनीला कामावरून काढलं, असं आज कळलं. चूक माझी, डेनीचे तर उपकार. उद्या दफन आहे. गाडी डेनी चालवणार असेल तर पेटी त्या गाडीत चढेल. नाहीतर फिनबारचा ट्रॅक्टर आहे. डेनीला ट्रॅक्टर चालवता येतो, मी विचारून ठेवलं आहे.

सार्जंटांनी हे मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.

गोबनेट हॅरिंग्टन