वरच्या खोलीचा कागद

—न्हाई न्हाई, तुमी ‘कुंद्रु, कुंद्रु’ म्हणताय खरं, मी बसायला आलो न्हाई अव्वा. उभाच बरा हाय. तुमी थापा तुमच्या भाकरी, माझ्याकडं बघू नका—कुणी बघितलं की मला बोलायला येत न्हाई, तुमाला ठाव हाय. आप्पांनी पाठवलंय. जिना चढेपर्यंत सगळं पाठ होतं, काशम्माला, म्हंजे तुमाला, असं सांग, तसं सांग—तर सांगतो. भाडं वाढवायचं हाय. बावीसशेचं पाच हजार. पुढच्या एक तारखेपासनं. झालं, सांगितलं.

हसताय काय? खरंच पाच हजार. मी म्हटलं की आप्पांना, दर दिवाळीला शंभर-दोनशे वाढवताच की, तेवढंच वाढवा—तर म्हणले, तुला कायद्यातलं काय कळतंय, आठवी नापास. आता मी आठवी नापास न्हाई, आठवी सोडलेली हाय, खरं ते जाऊ द्या. भाड्याच्या खोल्यांचा नवा कायदा येणार म्हणत्यात. एकदा लिहून दिलं की मधेच भाडं वाढवायचं न्हाई, तोंडी काय चालायचं न्हाई, सगळं कागदावर. सगळ्या शुक्रवार पेठेत हेच चाललंय, पलीकडच्या रुद्राणीकाकूंनी तर दोन्ही बिऱ्हाडांचं वाढवून बी घेतलं. येणार का, कवा येणार, कुणालाच धड ठाव न्हाई—पण यायच्या आत उरकायचं. म्हणून आप्पा वकिलाकडं गेले, मला बी नेलं, पिशवी धरायला.

तितं वकिलानं पहिलंच विचारलं, बाई किती वर्षं राहते? आप्पा म्हणले, असतील की पंधरा-सोळा. मग म्हणला, लाइटचं मीटर कुणाच्या नावावर? अव्वा, आप्पांचं तोंड असं उतरलं—तुमी घरघंटी घेतली तवा बिल लई यायलं म्हणून त्यांनीच न्हाई का सही देऊन मीटर तुमच्या नावावर करून दिलं? स्वतः रांगेत उभे राहिले, घरी येऊन पेढे वाटले, सुटलो म्हणले. वकील म्हणला, सुटला न्हाई, अडकला. जुनी बिलं तिच्याकडं असतील तर तिला हलवणं अवघड… हे सांगायचं नव्हतं. मीटरचं नाव काढू नगंस म्हणले होते. आता निघालं तर निघालं, तुमी विसरून जावा.

हलवणं म्हणजे—कोण हलवतंय? नुसतं भाडं वाढवायचं हाय. म्हणजे, भाकरी विकून पाच हजार कुटनं आणणार, हे आप्पांना ठाव हाय की… असं बघा अव्वा. माझं जमतंय. मोहोळची हाय, पायल नाव. तुमी लेकीकडं अक्कलकोटला गेला होता, तवा ती लोकं घर बघायला आली होती. वर बी आली. कुलूप बघून तिचे मामा म्हणले, ही खोली पोरा-पोरीला झ्याक होईल. आप्पा म्हणले, रिकामीच समजा. मी हितंच उभा होतो, ह्या दारात. पायलनं माझ्याकडं बघितलं—आन मी मान हलवली. व्हय अशी.

वाईट न्हाई ती. फोनवर म्हणती, एक खिडकी असली तरी बास. हितं दोन हायत.

शिव्या तरी द्या की! नुसतं थापत काय बसता? शाळेला न जाता दोन महिने दप्तर घेऊन हितं बसायचो, तवा बी असंच—आप्पांना सांगितलं न्हाई, मला रागावला न्हाईत, कडक भाकरीवर चटणी घालून पुढं ठेवायचा. त्यापरीस कानाखाली दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हां, हा कागद. खाली सही करायची. आप्पा म्हणले वाचत बसू नगंस, नुसती सही घे. खरं न वाचता कशी घ्यायची? थांबा, हळूहळू वाचतो, बारीक छापलंय. ‘मी खाली सही करणार… सदर खोलीत चालू महिन्याच्या एक तारखेपासून… प्रथमच राहण्यास आले असून… त्यापूर्वी सदर जागेशी माझा कोणताही संबंध नव्हता…’

हे चुकलंय. छापणाऱ्यानं चूक केली असणार. प्रथमच कसं? मी चड्डीत होतो तवापासनं तुमी—कोणताही संबंध नव्हता म्हणजे? मग ती बिलं—

अव्वा, चुकलेलं न्हाई हे.

हात कशाला पुसताय? पेन ठेवा खाली. ठेवा की! काय म्हणला? मी आणलाय म्हणजे बरोबरच असणार? म्हणून तर मला पाठवलंय अव्वा. स्वतः न्हाई आले.

द्या तो कागद. आन दारामागं तारेत ओवलेली बिलं हायत न्हवं, ती काढून लेकीकडं नेऊन ठेवा, आजच. घरात नको. —व्हय आप्पा! आलो, आलो!—हाका मारायलेत. त्यांच्यापुढं माझं तोंड उघडत न्हाई, मी आत्ता खाली जाऊन काय सांगणार, मलाच ठाव न्हाई. पायलला काय सांगू, ते तर त्याहून न्हाई. उद्या मला परत पाठवतील, दुसरा कागद देऊन. मी येणार. न्हाई म्हणायला जमत न्हाई मला. मी कडी वाजवीन, हाका मारीन, आप्पा खाली उभे असले तर वरडीन बी. उघडू नका. माझा आवाज आला तर मुळीच उघडू नका.

लावून घ्या आता. आतनं. —बघत काय बसलाय अव्वा, लावा की दार!