वीस टक्क्यांचा निकाल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, मंडळातील आजी-माजी सहकारी, सहकुटुंब आलेले माजी सैनिक आणि आज निवृत्त होणाऱ्या आपल्या नोंदणी लिपिक ताई,

मला ताईंच्या गौरवासाठी बोलावले आहे. मी कबुलीजबाब देणार आहे. दोन्ही एकच ठरतील, असा अंदाज आहे.

युद्धाने मनावर केलेल्या जखमेचे अपंगत्व टक्क्यांत ठरवणे, हे आमच्या लष्करी वैद्यकीय मंडळाचे काम. मी अध्यक्ष असताना एक निवृत्त हवालदार तपासणीसाठी आले. दाढी गुळगुळीत, बूट आरशासारखे. मी विचारले, "झोप? राग? भीती?" ताठ उभे राहून त्यांनी सांगितले, "सर्व ठीक, साहेब!" मी वीस टक्के लिहिले. माणूस स्वतःच ठीक म्हणतो, तर अपंगत्व कुठले? युक्तिवाद बिनतोड होता.

तोच कागद घेऊन ताई परत आल्या. "साहेब, वरिष्ठानं विचारल्यावर सैनिक दुसरं काय सांगणार? जन्मभर तेच शिकवलंत ना!"

"पुरावा?"

"बाहेर चला."

बाहेर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. हवालदार भिंतीला पाठ लावून, दारावर नजर रोखून उभे. त्यांच्या पत्नी हलकेच म्हणाल्या, "घरीही असंच हो. भांडं पडलं की पलंगाखाली शिरतात. नातीला घेत नाहीत, दचकून हातून सुटेल म्हणतात. आणि वर मला दम, साहेबांपुढे रडगाणं गायचं नाही!"

फेरतपासणी झाली; या वेळी त्यांना बसवून, पत्नीला शेजारी घेऊन. सत्तर टक्के ठरले आणि त्याआधारे उपचारही सुरू झाले. तेव्हापासून ताई प्रत्येकाच्या घरच्यांशी आधी बोलू लागल्या. हे कोणत्या नियमात बसते, असे मी एकदा विचारलेच. "तुमच्या नियमांत जागा रिकामी होती, साहेब. तिथे बसवलं."

अशा माणसाशी वाद कसा घालावा?

ते हवालदार आज सभागृहात आहेत. दाराजवळची, भिंतीलगतची खुर्ची ताईंनी सकाळीच राखून ठेवली. स्वतःच्या निरोपाच्या दिवशीसुद्धा! हवालदारांच्या मांडीवर नात आहे.

ताई, आपले आभार मानणे माझ्या शब्दांच्या आवाक्याबाहेरचे आहे, तरी मानतो. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास सभेने ते पोटात घालावे. वीस टक्क्यांची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. ती मघाशी त्या खुर्चीपाशी जाऊन मागितली. उत्तर मिळाले, "सर्व ठीक, साहेब."

या वेळी ते बसूनच म्हणाले.